पात्यांची शीळ

शिकारीच्या बाणाच्या टोकाला जे रुंद, धारदार पाते बसवतात, त्याला इथे ब्रॉडहेड म्हणतात. ते हवेतून जाताना शीळ घालते, असे मी पहिल्या हिवाळ्यापासून गृहीत धरले होते. कुकरची शिट्टी होण्याआधी जी बारीक सुरसुर चढत जाते, साधारण तसा तो आवाज. मग गवताच्या गासडीत धप्प, आणि शांतता. हा आवाज असायलाच हवा का, असे शिकवणाऱ्यांना विचारावे, हे एकदोनदा मनात आलेही. पण पन्नाशी उलटल्यावर काही शिकायला घेतले की प्रश्न विचारण्याचा संकोच मुलांपेक्षा अधिक होतो. शाळेतही मी उत्तर येत असताना हात वर न करणाऱ्यांपैकी होते.

न्यूझीलंडमधल्या अप्पर हटला मी एकटी राहते. रोज ट्रेनने वेलिंग्टनला जाते आणि शहराच्या जलवाहिन्यांचे आराखडे तपासते. शिकवणारे माझे शेजारी. आयुष्यभर जंगलात लाकूडतोड केलेले, पत्नी जाऊन बरीच वर्षे झालेली, एकुलती मुलगी ऑस्ट्रेलियात. त्यांच्या घरामागच्या कुरणात ते रोज संध्याकाळी बाण मारीत, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दिसे. त्यांच्या धनुष्याला चाके नव्हती, नेम धरायची काच नव्हती. एक वाकवलेले लाकूड आणि एक दोरी. भांडी घासता घासता मी पाहत राही. एके दिवशी कुंपणापाशी येऊन ते म्हणाले, "खिडकीतून शिकता येत नाही, मेट. इकडे ये." कुंपण ओलांडायला मला महिनाभर लागला.

त्यांच्या शिकवण्यात शब्द थोडे होते. हरणाच्या इतके जवळ जायचे की त्याच्या पापण्या दिसाव्यात. शंका असेल तर बाण सोडायचा नाही. आणि बाण सुटला की जागचे हलायचे नाही. डोळे मिटायचे आणि ऐकायचे. लागलेले जनावर कुठे पळाले, कुठे अडखळले, कुठे पडले, हे डोळ्यांना झाडीत दिसत नाही, कानांना कळते. हे ते मला पुनःपुन्हा सांगत, आणि मी मान डोलवी.

ज्या घटनेबद्दल लिहायचे आहे ती एका शरद ऋतूत घडली; इथे तो मार्च ते मे असतो. माझी आई तेव्हा नागपूरहून आली होती. तिकडचा उन्हाळा तिला आता सोसत नाही, म्हणून एप्रिल ते जुलै ती माझ्याकडे काढते. सकाळी त्रिशरण, पंचशील म्हणून झाले की ती हॉलमध्ये भिंतीला टेकवलेल्या माझ्या धनुष्याकडे एक कटाक्ष टाके.

"पाणातिपाता वेरमणी म्हणजे काय गं?" जीवहत्या न करण्याच्या त्या पहिल्या शीलाबद्दल तिने एकदा साळसूदपणे विचारले.

"आई, तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. तुला माहीत आहे का, ते विचारते."

"तू मटण खातेस ना?"

"खाते. पण त्याच्या मागे जंगलात लपत नाही फिरत."

यावर माझ्याजवळ उत्तर होते. बऱ्यापैकी रचलेले होते. सुपरमार्केटच्या ट्रेमधले मांस कोणीतरी मारलेलेच असते, मग ते आपल्या डोळ्यांसमोर, आपल्या हाताने, कमीत कमी वेदनेत घडावे, अशा आशयाचे. पण तोवर मी एकही जनावर मारले नव्हते, त्यामुळे ते उत्तर माझ्याच कानाला पोकळ लागे.

मे महिन्यातल्या एका सकाळी शेजारी माझ्या दारात उभे राहिले. दाढी केलेली नव्हती आणि बूट चिखलाने भरलेले होते. आदल्या संध्याकाळी ते टेकड्यांमागच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या जंगलपट्टीत एकटेच गेले होते. एक हरिणी अगदी जवळून, आडवी उभी मिळाली. बाण सोडला. पोहोचण्याआधी ती वळली आणि बाण मागे, पोटात लागला.

"आणि मग?" मी विचारले.

"मग काहीच नाही. आवाजच नाही. धुरासारखी गेली."

त्या वर्षात असे दुसऱ्यांदा घडले होते. मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर शोधायला गेले. नेच्यांच्या पानांवर रक्त होते, पण पातळ, आणि त्यात हिरवट काळे काही मिसळलेले. त्याचा वास आंबलेल्या गवताचा. पोटात लागल्याची ती खूण. असे जनावर लगेच मरत नाही. एका बीच वृक्षाखाली ती बसल्याची जागा सापडली. शेवाळ दबलेले, रक्ताने काळे झालेले, अजून ओले. तिथून पुढे एक ओढा आणि पलीकडे वेलींचे असे जाळे, की त्यात हात घातला तर बाहेर काढायला सुरी लागावी. आम्ही अंधार पडेपर्यंत गुडघ्यांवर फिरलो. दुसऱ्या दिवशीही. त्यानंतर एका सकाळी आम्हाला ओढ्यापलीकडच्या घळीवर ससाणे घिरट्या घालताना दिसले. उतरायला वाट नव्हती. शेजारी बराच वेळ वर पाहत राहिले, आणि मग गाडीकडे वळले.

परतताना ते म्हणाले, "हात गेले माझे. ती वळली हे खरं, पण इतक्या जवळून बाण इतका मागे लागतो, म्हणजे सोडताना हात हलतो. मला कळत नाही, पण हलतो."

मागच्या सीटवर ठेवलेल्या धनुष्याकडे त्यांनी मानेने खूण केली.

"माझं धनुष्य तू घे. तुला जड जाईल, पण ठेव. ते गेलं की मग घर तरी कशाला ठेवायचं? पोरगी कधीची म्हणते आहे, विक आणि ये. तिच्या गल्लीच्या टोकाला म्हाताऱ्यांची सोय आहे म्हणे. बागेत बाकं आहेत." बाके हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जणू तो एखाद्या आजाराचे नाव होता.

म्हणजे प्रश्न केवळ छंदाचा नव्हता. हात गेले असे ठरले असते, तर ते घर, ते कुरण आणि ती टेकडी हे सगळेच गेले असते. आणि ज्या माणसाचा दिवस वाऱ्याची दिशा पाहून सुरू होतो, तो एखाद्या बागेतल्या बाकावर जाऊन बसला असता.

त्या आठवड्यात आई कुंपणावरून त्यांना चहा द्यायला गेली. परत आली ती भुवया उंचावूनच.

"तुझ्या गुरूला ऐकू येत नाही गं."

"येतं, आई. तुझं मराठी त्यांना कळत नसेल."

"मी काय त्याला भारुड म्हणून दाखवत होते? पाठमोरा उभा होता. मी म्हटलं 'टी'. मग म्हटलं 'टी, टी'. मग ओरडले. शेवटी कप खांद्याला लावला तेव्हा वळला, आणि म्हणतो कसा, 'लव्हली डे.'"

मला हसू आले. ती मात्र हसली नाही.

"तू बोलतेस तेव्हा तो कुठे बघतो, पाहिलंस कधी? डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे बघतो. तुझे बाबा शेवटची वर्षं असेच बघायचे. आपण सगळे त्यांच्याशी मोठ्यानं, हळूहळू, समोर उभं राहून बोलायचो, आणि त्यांना वाटायचं आपले कान शाबूत आहेत. घरच्यांच्या चांगुलपणामुळे माणूस बहिरा झाल्याचं त्याला कळत नाही."

मी भांडी पुसत उभी राहिले. शेजाऱ्यांशी बोलताना मी नेहमी त्यांच्या समोर येऊन, शब्द सुटे करून बोलते, हे मला तेव्हा जाणवले. ते माझ्या इंग्रजीसाठी आहे, अशी माझी समजूत होती.

मग दुसरी गोष्ट आपोआप सुचली. हरिणी बाण पोहोचण्याआधी वळली होती. ती कशामुळे वळली?

त्यांची पाती जुन्या पद्धतीची होती. एका पत्र्याच्या डब्यात वर्षानुवर्षे ठेवलेली. प्रत्येक पात्याला वजन कमी करण्यासाठी तिकोनी खिडक्या कापलेल्या. त्या खिडक्यांच्या कडेवरून हवा वेगाने गेली की शीळ वाजणार. बासरीचे तत्त्व तेच आहे, आणि नळातल्या पाण्याचेही काहीसे तसेच, जे मी पोटापाण्यासाठी रोज तपासते. इतकी साधी गोष्ट. पण मी नवशिकी होते, आणि शीळ ही मला त्या बाणाची रीत वाटली होती. त्यांना ती ऐकूच येत नव्हती.

हे त्यांना सांगायचे कसे, यावर मी दोन-तीन दिवस घालवले. 'तुमची पाती वाजतात' या वाक्याचा दुसरा अर्धा भाग 'आणि तुम्हाला ते ऐकू येत नाही' हाच होता, आणि तो त्यांच्या तोंडावर म्हणण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. शेवटी बोलण्याऐवजी दाखवावे असे ठरवले.

त्यांच्या कुरणाला लागून दुसऱ्याचे कुरण आहे. तिथे, बाणाच्या वाटेपासून बऱ्याच अंतरावर, तारेपलीकडे मेंढ्या चरतात. शनिवारी दुपारी मी त्यांना म्हटले, "मी बाण मारते. तुम्ही माझ्याकडे बघू नका. मेंढ्यांकडे बघा."

"मेंढ्यांनी काय केलंय?"

"नुसतं बघा. प्लीज."

आधी मी सरावाचे साधे, निमुळते टोक लावून बाण सोडला. मेंढ्या चरत राहिल्या. मग त्याच बाणाला, त्याच पिसांसह, त्यांच्या डब्यातले पाते बसवून पुन्हा सोडला. शीळ निघाली. सगळ्या मेंढ्यांच्या माना एकाच वेळी वर झाल्या आणि कान बाणाच्या वाटेकडे वळले.

त्यांनी कपाळावर हात धरून मेंढ्या नीट न्याहाळल्या. मग म्हणाले, "पुन्हा."

मी पुन्हा सोडला. माना पुन्हा वर.

"मेंढ्या कशालाही बिचकतात."

"मग साध्या टोकाला का नाही बिचकल्या?"

यावर त्यांनी जे केले ते मी त्यांना कधीच सुचवले नसते. ते गासडीच्या बाजूला, पाण्याच्या जुन्या सिमेंटच्या टाकीमागे जाऊन उभे राहिले. डोळे मिटले. टाकीच्या वर त्यांचा एक हात तेवढा दिसत होता. "तुला हवं ते टोक लाव," ते ओरडले. "आवाज आला की मी बोटं उचलतो."

मी पाते लावून मारले. बोटे हलली नाहीत. पुन्हा पाते. नाही. मग साधे टोक लावले, ज्याला पिसांच्या फडफडीखेरीज कसलाही आवाज नव्हता; आणि तेव्हा बोटे उचलली गेली. कदाचित इतक्या वेळात एकदा तरी आवाज यायला हवा, असे त्यांना वाटले असेल.

मी धनुष्य खाली ठेवले. ते टाकीमागून बाहेर आले आणि त्यांनी माझा चेहरा पाहिला. मला काही सांगावे लागले नाही.

"तुला कधीपासून ऐकू येतंय?"

"पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, ते तसंच असतं."

ते हसले. कोरडे, एका श्वासाचे हसू. "नवशिक्यांचं एक बरं असतं. त्यांना सगळंच बरोबर वाटतं." आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला, हे मला अजून आठवते. त्यांनी दोन्ही हात समोर धरले, पालथे केले, पुन्हा सुलटे केले. "म्हणजे हात ठीक आहेत! हरिणी आवाजानं वळली. हात नाही हलले. स्वीट ॲज! झकास!"

त्याच संध्याकाळी त्यांच्या शेडमध्ये आम्ही पात्यांच्या खिडक्या बुजवल्या. भेगा बुजवायची दोन रंगांची लांबी समप्रमाणात मळायची, खिडकीत दाबायची, वाळली की कानशीने पात्याच्या पातळीला आणायची. दोन्ही बाजूंना सारखीच भरायची, नाहीतर बाण भरकटतो. ते शीळ वाजवीत काम करीत होते, सुरात नव्हती. वाळल्यावर मी एकेक पाते मारून पाहिले आणि ते मेंढ्यांवर नजर ठेवून उभे राहिले. एकाही मेंढीने मान वर केली नाही.

घरी येऊन मी आईला सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत होती.

"पात्याचं तोंड बंद केलंस ते ठीक. त्याच्या कानांचं काय केलंस?"

"तेवढा भाग त्यांना ऐकायचा नव्हता, आई."

"ऐकायचा नव्हता," ती म्हणाली. "बरोबर."

जून अखेरीस आम्ही दोघे त्याच जंगलपट्टीत गेलो. थंडी कडक होती आणि वारा पडलेला. ते पुढे, मी त्यांच्या मागे. हरिणी ओढ्याच्या वरच्या अंगाला, बीचच्या खोडांमध्ये उभी होती आणि आमच्याकडे तिचे लक्ष नव्हते. मला तिच्या पापण्या दिसल्या. त्यांनी दोरी ओढली, आणि ते हात, खरोखर, दगडासारखे स्थिर होते.

बाण नि:शब्द गेला. ती वळली नाही. बाण पुढच्या पायामागे, बरगड्यांत, जिथे लागायला हवा तिथे लागला. एक उडी घेऊन ती उजवीकडच्या झाडीत शिरली.

त्यांनी डोळे मिटले, शिकवल्याप्रमाणे. मीही मिटले. उजवीकडे एक फांदी मोडली. पण मग तिथून ती वळली असावी, कारण पुढचे सगळे डावीकडून, खालून आले. गोटे घरंगळले. पाण्यात पाय पडले. मग एक खोकला, ओला. आणि मग दगडांवर खूर झाडण्याचा आवाज, जो मी समजत होते त्यापेक्षा कितीतरी वेळ चालला.

तो चालू असतानाच त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर समाधान होते. ते उजवीकडे, चढाच्या दिशेने निघाले.

"आवाजच नाही," ते कुजबुजले. "धुरासारखी गेली."

मी त्यांची बाही धरली. खाली, डावीकडे बोट दाखवले. ते माझ्या तोंडाकडे पाहू लागले.

"तिकडे पडली आहे," मी म्हटले. "अजून... अजून पाय झाडते आहे."

"आत्ता?"

"आत्ता."

ते हलले नाहीत. त्यांनी मान कलती करून, तोंड अर्धवट उघडे ठेवून ऐकण्याचा प्रयत्न केला. इतके प्रामाणिकपणे ऐकताना मी कोणालाच पाहिलेले नाही. खालचा आवाज हळूहळू विरळ झाला आणि थांबला. तो थांबला हेही मीच त्यांना मान हलवून सांगितले.

ओढ्यात उतरलो तेव्हा ती एका दगडाला मान टेकून पडली होती. श्वास होता. त्यांनी गुडघा टेकून सुरीने तो संपवला. हात तेव्हाही स्थिर होते. मग ते तिथेच पाण्यात बसून राहिले. पाणी बर्फासारखे होते. मी उठायला सांगितले, ते त्यांना ऐकू गेले नाही, किंवा गेलेही असेल.

"मागच्या दोघी," शेवटी ते म्हणाले. "पोटात लागलेलं जनावर लवकर बसतं. मी उभा होतो तिथून शंभर पावलांत कुठेतरी बसली असेल. कण्हली असेल. आणि मला ऐकू येत नाही, म्हणून मी उलट्या दिशेला शोधत होतो."

"ते तुम्हाला माहीत नव्हतं."

"नाही. आता माहीत आहे."

मी तेव्हा जे बोलले, ते माझ्या स्वभावाच्या मानाने पुष्कळ होते. मी म्हटले, पाती आता मुकी झाली आहेत, हात उत्तम आहेत, मी दर वेळी बरोबर येईन. कानाला यंत्र बसवता येते. तोवर ऐकण्याचे काम माझे. त्यात काय मोठेसे?

त्यांनी सुरी शेवाळावर पुसली. "बाण मी मारायचा आणि तो कुठे जाऊन संपला हे तू ऐकायचंस? नाही, मेट. ते यंत्रही पाहीन मी. पण बाण नाही." जरा थांबून ते म्हणाले, "पोरीला आज संध्याकाळी फोन करतो."

मी वाद घातला नाही. त्यांच्या जागी असते तर मीही तेच ठरवले असते, असे मला वाटते. पण हे वाटणे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

मांस दोन पिशव्यांत विभागले. जड पिशवी त्यांनी घेतली, मी कितीही म्हटले तरी. उतार निसरडा होता. ते पुढे चालत होते, धनुष्य काठीसारखे टेकत, जसे त्यांनी मला कधीही करू दिले नव्हते. अर्ध्या वाटेवर माझ्या पिशवीचा पट्टा सुटला आणि सगळे ओझे एका खांद्यावर आले. मी थांबले आणि हाक मारली. ते चालत राहिले. मी पुन्हा, मोठ्याने हाक मारली. झाडांमधून त्यांची पाठ लहान होत गेली.

तिसऱ्यांदा हाक मारली नाही. पट्टा दातांनी आवळून गाठ मारली, ओझे दोन्ही हातांनी छातीशी धरले आणि घसरत, धडपडत त्यांना गाठले. मग त्यांना ओलांडून मी पुढे झाले, म्हणजे पुन्हा थांबावे लागले तर मी त्यांना दिसेन.